निलंग्यातील एक खोली आणि विस्मृतीत गेलेला दिवा

१/ एप्रिल २०२० चा पहिला आठवडा. टाळेबंदीला जेमतेम दहा-बारा दिवस झाले होते. हरियाणातून आंध्र प्रदेशाकडे निघालेला १२ जणांचा एक गट वाटेत निलंग्यात मुक्कामी होता. त्यांचे नमुने तपासले गेले आणि १२ पैकी ८ जण बाधित निघाले. लातूर जिल्ह्यातील कोरोनाच्या नोंदी येथून सुरू होतात. त्यांना लातूरच्या रुग्णालयात हलवण्यात आले आणि ते पुढे बरेही झाले. त्या दिवसांत ‘ते कुठून आले’ हा एकच प्रश्न सर्वत्र विचारला जात होता. ‘रोग एकाकडून दुसऱ्याकडे कोणत्या वाटेने गेला’ हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

२/ साथीत परक्याकडे बोट दाखवणे या भूमीला नवे नाही. पटकीच्या काळात मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडत. शिवेपलीकडचे गाव तो पुढच्या शिवेवर ढकलत असे. २०२० मध्ये शास्त्राची भाषा निराळी होती, पण वाटेविषयीची खात्री तितकीच ठाम होती. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले की कोविड हा हवेतून पसरणारा रोग नाही. हात धुवा, पृष्ठभाग पुसा, अंतर राखा, असा उपदेश त्यातून निघाला. बंद खोलीतील हवेचे काय करायचे, याला त्या उपदेशात फारशी जागा नव्हती.

३/ हवा स्वच्छ करण्याचे एक साधन तोवर शतकभर जुने झाले होते: अतिनील किरणांचा दिवा. तो १९३० च्या दशकात शाळांत लागला, १९५० च्या दशकात क्षयरुग्णांच्या वॉर्डात कसोटीला उतरला आणि नंतर जवळजवळ विस्मृतीत गेला. हा धागा त्या दिव्याचा आणि त्याच्याबरोबर विसरल्या गेलेल्या एका कल्पनेचा इतिहास मांडतो. त्या इतिहासात मुंबई आहे, मद्रास आहे, अमेरिकेतील दोन शहरे आहेत आणि शेवटी पुन्हा निलंगा आहे.

४/ आरंभ माळवदाच्या घरातून करता येतो. निलंगा, औसा, उमरगा या पट्ट्यातील जुनी घरे दगड-मातीच्या रुंद भिंतींची, वर लाकडी तुळया आणि मातीचा जाड थर असलेली. खिडक्या थोड्या आणि लहान. उजेड यावा व चुलीचा धूर जावा म्हणून छतात एक भोक ठेवलेले असे. त्याला साणे म्हणत. दुपारी साण्यातून कवडसा उतरला की त्यात तरंगणारे धूलिकण दिसत. कवडसा सरकला की कण दिसेनासे होत, पण ते खाली बसलेले नसत. हवा रिकामी नसते, ही गोष्ट त्या घरातील प्रत्येक मुलाने पाहिलेली होती.

५/ सूर्यप्रकाश आणि जंतू यांचे वैर प्रयोगाने दाखवले ते आर्थर डाऊन्स आणि थॉमस ब्लंट या दोन इंग्रजांनी, १८७७ मध्ये. पोषक द्रव भरलेल्या काही काचनळ्या त्यांनी उन्हात ठेवल्या आणि काही झाकून ठेवल्या. झाकलेल्या नळ्यांतील द्रव जंतूंच्या वाढीने गढूळ झाला. उन्हातील नळ्या नितळ राहिल्या. हा परिणाम केवळ उष्णतेचा नव्हता. वर्णपटाच्या निळ्या-जांभळ्या टोकाकडील प्रकाश अधिक मारक ठरत होता. पुढच्या संशोधनाने बोट आणखी पलीकडे, डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील भागाकडे नेले.

६/ यामागची यंत्रणा थोडक्यात अशी. अतिनील किरण जंतूच्या डीएनएमध्ये किंवा आरएनएमध्ये शोषले जातात आणि शेजारशेजारचे घटक एकमेकांना चुकीच्या जागी जोडले जातात. मग त्या जंतूला स्वतःची प्रत काढता येत नाही. हा परिणाम साधारण २६५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असतो. सूर्याचे या टप्प्यातील किरण ओझोनचा थर वरच अडवतो. साण्यातून किंवा खिडकीतून येणाऱ्या उन्हाला त्यामुळे बळ असते, पण मर्यादित. हवे ते किरण पृथ्वीवर हवे तेव्हा मिळवायचे तर दिवा लागतो. पाऱ्याच्या वाफेचा कमी दाबाचा दिवा आपली बहुतेक शक्ती २५४ नॅनोमीटरवरच सोडतो.

७/ प्रकाशाने रोग बरा करण्याच्या खटपटीला १९०३ मध्ये नोबेल मिळाले. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांनी त्वचेच्या क्षयावर एकवटलेल्या प्रकाशाचे उपचार केले होते. पाऱ्याचे दिवे त्याच सुमारास आकाराला आले. साधी काच हे किरण अडवते, म्हणून क्वार्ट्झच्या नळ्या वापराव्या लागल्या. १९१० मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथे पिण्याचे पाणी या किरणांनी निर्जंतुक करण्याचा प्रयोग झाला. पाणी झाले, त्वचा झाली. हवेकडे मात्र अजून कोणी वळले नव्हते.

८/ त्याआधीच मुंबईत हवा आणि उजेड हे सरकारी धोरण झाले होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्यानंतर प्लेगच्या पथकांनी घरे धुतली, चुना मारला आणि अंधाऱ्या खोल्यांत ऊन पडावे म्हणून छपरांची कौले उतरवली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांच्या भिंतींवर ‘यू.एच.एच.’ ही अक्षरे रंगवली जात. अर्थ ‘मनुष्यवस्तीस अयोग्य’. ज्यांचे छप्पर असे उघडे केले त्यांच्यासाठी हा शास्त्राचा नव्हे, सत्तेचा अनुभव होता.

९/ १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढायचे, समुद्राचा वारा आत आणायचा, हा त्याच्या कामाचा मोठा भाग. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड त्यातूनच निघाले. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी घरांतील उजेड-हवेसाठी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाच्या नियमाचा आग्रह धरला. भूमितीच्या भाषेत त्याचा अर्थ सोपा आहे: इमारतीची उंची समोरच्या मोकळ्या जागेच्या रुंदीच्या दुपटीहून अधिक नको. असे झाले तर तळमजल्याच्या खोलीलाही आकाशाचा तुकडा मिळतो.

१०/ येथे इतिहासाने एक विचित्र वळण घेतले. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडले आणि परळच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्लेग आयोगाने पुढच्या दशकात पक्के केले. म्हणजे ज्या रोगासाठी कौले उतरवली, त्या रोगाचा हवेशी फारसा संबंध नव्हता. पण त्याच चाळींत दरवर्षी क्षयाने माणसे मरत होती, आणि क्षयासाठी हवा व उजेड हाच योग्य उपाय होता. चुकीच्या रोगासाठी बरोबर औषध दिले गेले. रोग चुकला हे कळताच औषधावरचा विश्वासही ढळू लागला.

११/ हे केवळ मुंबईत घडले नाही. डासांमुळे हिवताप, पाण्यामुळे पटकी, पिसवांमुळे प्लेग असे एकेक कोडे सुटत गेले, तशी ‘दूषित हवा’ ही जुनी कल्पना अंधश्रद्धेच्या कप्प्यात गेली. अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहराचे आरोग्याधिकारी चार्ल्स चेपिन यांनी १९१० च्या आपल्या ग्रंथात ठामपणे मांडले की संसर्ग मुख्यतः स्पर्शाने आणि जवळून उडणाऱ्या थेंबांनी होतो. हवेतून दूरवर होणारा प्रसार नगण्य आहे. त्यांचा हेतू चांगला होता. लोकांनी हवेच्या भीतीपायी हात धुणे सोडू नये, असे त्यांना वाटत होते. ही मांडणी पुढच्या कित्येक पिढ्यांचा पाठ झाली.

१२/ या पाठाला आव्हान दिले एका अभियंत्याने. विल्यम फर्थ वेल्स हे पाण्याच्या शुद्धीकरणाच्या क्षेत्रातून आलेले. पाण्यातून रोग जातो तर तो पाण्यातच मारतात. मग हवेला हाच न्याय का नको, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या पत्नी डॉ. मिल्ड्रेड वीक्स वेल्स या वैद्यक जाणणाऱ्या आणि साथींच्या नोंदींचा अभ्यास करणाऱ्या. दोघांचे काम एकमेकांत इतके गुंतलेले आहे की ते वेगळे काढता येत नाही. तरी पुढे नाव राहिले ते बहुतांशी त्यांच्या पतीचे.

१३/ १९३४ मध्ये वेल्स यांनी एक साधा हिशेब मांडला. खोकताना, बोलताना तोंडातून निघणारा थेंब दोन गोष्टींच्या शर्यतीत असतो: खाली पडणे आणि सुकणे. सुमारे १०० मायक्रॉनहून मोठा थेंब सुकण्याआधी जमिनीवर येतो. त्याहून लहान थेंब पडण्याआधीच सुकतो आणि मागे उरलेला सूक्ष्म कण जंतूसह हवेत तरंगत राहतो. या कणाला त्यांनी तुषारकेंद्र म्हटले. कवडशातील धुळीप्रमाणेच तो खाली बसत नाही. त्यामुळे रोगी खोलीतून निघून गेल्यावरही रोग खोलीत राहू शकतो.

१४/ हे कण मारायचे कसे? वेल्स यांनी अतिनील दिवे खोलीच्या वरच्या भागात लावले. किरण वरच्या वर आडवे जातात, खाली बसलेल्या माणसांवर पडत नाहीत. उबदार हवा वर चढते, किरणांतून जाते आणि खाली येते. फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउन येथील शाळेत १९३७ पासून असे दिवे लागले. १९४१ मध्ये शहरात गोवराची मोठी साथ आली. दिवे नसलेल्या वरच्या वर्गांत गोवर न झालेल्या मुलांपैकी सुमारे ५३ टक्क्यांना तो झाला. दिवे असलेल्या प्राथमिक वर्गांत हे प्रमाण सुमारे १३ टक्के होते.

१५/ निष्कर्ष झळझळीत होता. पण शास्त्रात एका प्रयोगाने भागत नाही. न्यूयॉर्क राज्यातील ग्रामीण शाळांत आणि इंग्लंडमधील साउथॉल येथे १९४० च्या दशकात तसेच प्रयोग झाले आणि यश आले नाही. कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. ती मुले एकाच बसमधून शाळेत येत, प्रार्थनेला एकत्र बसत, घरी भावंडांबरोबर झोपत. दिवा वर्गात होता, संसर्ग बसमध्ये होत होता. ‘दिव्याने वर्गातील हवा स्वच्छ होते का’ आणि ‘दिव्याने गावातील साथ थांबते का’ हे दोन निराळे प्रश्न होते. दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’ आले आणि पहिलाही निकालात निघाला.

१६/ वेल्स यांनी हार मानली नाही. १९५० च्या दशकात त्यांचे शिष्य रिचर्ड रायली यांच्यासह बाल्टिमोरच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात एक विलक्षण प्रयोग उभा राहिला. क्षयरुग्णांच्या सहा खोल्यांची हवा नळातून वरच्या बंद दालनात नेली गेली. त्या दालनात सरासरी दीडशेच्या वर गिनीपिग होते. रुग्णांशी त्यांचा स्पर्श नव्हता, एकमेकांना दिसणेही नव्हते. दोहोंना जोडणारी फक्त हवा होती. दोन वर्षांत ७१ प्राण्यांना क्षयाची बाधा झाली.

१७/ शंका घेणाऱ्यांनी म्हटले: अन्नातून, पाण्यातून बाधा झाली नसेल कशावरून? मग दुसरे दालन बांधले. दोन्ही दालनांत त्याच वॉर्डाची हवा जात होती; फरक एवढाच की एका नळात अतिनील दिवे होते. दिवे नसलेल्या दालनात प्राणी आजारी पडत राहिले. दिवे असलेल्या दालनात एकालाही बाधा झाली नाही. क्षय हवेतून पसरतो आणि ती हवा प्रकाशाने निर्धोक करता येते, या दोन्ही गोष्टी एकदम सिद्ध झाल्या. निष्कर्ष १९५९ ते १९६२ या काळात प्रसिद्ध झाले. १९६३ मध्ये वेल्स वारले.

१८/ त्याच वर्षांत मद्रासमध्ये दुसरा इतिहास घडत होता. १९५६ मध्ये तेथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झाले. गरीब वस्तीतील रुग्णांचे दोन गट करून एका गटाला आरोग्यधामात आणि दुसऱ्याला घरीच गोळ्या दिल्या गेल्या. १९५९ मध्ये आलेला निष्कर्ष असा: घरी उपचार घेणारे जवळपास तितकेच बरे होतात आणि त्यांच्या घरच्यांना अधिक धोकाही होत नाही. औषध सुरू होताच रुग्णाची संसर्ग देण्याची शक्ती झपाट्याने घटते. ज्या देशात खाटा थोड्या आणि रुग्ण लाखो, त्या देशासाठी हा निष्कर्ष वरदान होता.

१९/ त्याची किंमत एका ज्ञानशाखेने चुकती केली. पाचगणीचे बेल-एअर हे १९१२ मध्ये डॉ. रुस्तम बिलिमोरिया यांनी सुरू केलेले आरोग्यधाम किंवा मिरजेजवळील वानलेसवाडीचे आरोग्यधाम, ही ठिकाणे व्हरांडे, वारा आणि ऊन यांच्या पायावर उभी होती. गोळ्या आल्यावर त्या वास्तूंचे प्रयोजन ओसरले. व्हरांड्याबरोबर व्हरांड्यामागचे शास्त्रही गेले. रुग्णालये बांधताना हवेचा हिशेब करायचा असतो, ही गोष्ट स्थापत्याच्या आणि वैद्यकाच्या अभ्यासक्रमांतून हळूहळू मागे पडली. अतिनील दिवा तर त्याहून आधी गेला.

२०/ विस्मृतीबरोबर एक चूकही रुजली. क्षयाचा जंतू फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचायला कण सुमारे ५ मायक्रॉनहून लहान असावा लागतो. वेल्स यांची १०० मायक्रॉनची मर्यादा निराळ्या प्रश्नाची होती: कोणता कण तरंगतो? कालौघात दोन आकडे एकमेकांत मिसळले. ५ मायक्रॉनहून मोठा कण म्हणजे लगेच खाली पडणारा थेंब, असे पाठ्यपुस्तके शिकवू लागली. एक-दोन मीटरच्या अंतराला या समजुतीने बळ दिले. कॅथरीन रँडल, लिन्सी मार आणि सहकाऱ्यांनी जुनी कागदपत्रे चाळून ही गफलत उघड केली, ती २०२१ मध्ये. साठ वर्षे टिकलेली चूक पकडण्यात इतिहासाच्या अभ्यासकाचा हात होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

२१/ दरम्यान क्षयाने औषधांना दाद देणे कमी केले होते. डिसेंबर २०११ मध्ये मुंबईच्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तपासलेल्या कोणत्याही औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदवले. गोळी चालेनाशी झाली की पुन्हा हवेकडे वळावे लागते. भारताने २०१० मध्येच आरोग्यकेंद्रांतील हवेतून होणाऱ्या संसर्गाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. पेरूची राजधानी लिमा येथे बाल्टिमोरचा प्रयोग नव्याने केला गेला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार नुसत्या हवेत ३५ टक्के गिनीपिगांना बाधा झाली. अतिनील दिवे लावल्यावर साडेनऊ टक्क्यांना.

२२/ लिमातील त्याच संशोधकांनी त्याआधी, २००७ मध्ये, आणखी एक गोष्ट मोजली होती. उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या रुग्णालयांत हवा नव्या इमारतींपेक्षा कितीतरी वेगाने बदलत होती. मराठवाड्यातील वाचकाला येथे ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवेल. किल्लारीच्या भूकंपात आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. औसा आणि निलंगा तालुक्यांतील दगड-मातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घर कोसळू नये, हाच मापदंड होता आणि तो योग्यच होता. पण साण्याच्या जागी कोणता झरोका यावा, हा प्रश्न त्या दुःखात कोण विचारणार?

२३/ मग २०२० आले. एप्रिलमध्ये मुंबईच्या नौदल गोदीने अतिनील किरणांचा निर्जंतुकीकरण कक्ष तयार केला: अवजारे, कपडे आणि इतर वस्तूंसाठी. कल्पकता वादातीत होती. पण दिव्याचा रोख वस्तूंकडे होता, कारण त्या क्षणी सगळ्या जगाचाच रोख वस्तूंकडे होता. बाजारातही हातात धरायच्या दिव्यांचा सुळसुळाट झाला. भाजीवर, मोबाइलवर, नोटांवर किरण पडत होते. ज्या हवेसाठी वेल्स यांनी आयुष्य वेचले, तिच्याकडे पाहायला आणखी काही महिने जावे लागले.

२४/ जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी उघड पत्र लिहून हवेतील प्रसार मान्य करा, असे आवाहन केले. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटना पायरी पायरीने वळली. ‘हवेतून’ हा शब्द तिने कोविडसाठी मोकळेपणाने वापरला तो डिसेंबर २०२१ मध्ये. भारतात मे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने सांगितले की मोठे थेंब दोन मीटरच्या आत पडतात, पण सूक्ष्म कण हवेबरोबर दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात. म्हणून दारे-खिडक्या उघडा. निलंग्यातील त्या आठ नोंदींना तोवर वर्ष उलटून गेले होते आणि तालुक्या-तालुक्यांत घरे उजाड झाली होती.

२५/ दिवा परत आला तो दिल्लीत. चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेने हवेच्या नळांत बसवायची अतिनील यंत्रणा तयार केली. जुलै २०२१ च्या पावसाळी अधिवेशनाच्या वेळी ती संसद भवनाचा मध्यवर्ती कक्ष, लोकसभेचे सभागृह आणि ६२ व ६३ क्रमांकाच्या समिती-खोल्यांत लागली. वांद्रे–चंदीगड गाडीतही तिची चाचणी झाली. नळातील दिवा, त्यातून जाणारी हवा: बाल्टिमोरची मांडणी साठ वर्षांनी भारताच्या संसदेत पोहोचली.

२६/ दिव्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. २५४ नॅनोमीटरचे किरण डोळ्यांना आणि त्वचेला इजा करतात, म्हणून दिवा डोक्याच्या पुष्कळ वर आणि आडोशाने लावावा लागतो. छत बुटके असेल तर तो लावता येत नाही. चुकीच्या प्रकारचे दिवे ओझोन वायू निर्माण करतात. त्यांवर धूळ बसते, वर्षभरात शक्ती घटते, ती मोजायला उपकरण आणि माणूस लागतो. आणि वीज लागते. भारनियमनाच्या उन्हाळ्यांत वाढलेल्या मराठवाड्याला या शेवटच्या वाक्याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. उघडी खिडकी वीज गेल्यावरही काम करते. तिचा पहिला मान कोणताही दिवा हिरावून घेऊ शकत नाही.

२७/ तरी खिडकी नेहमी उघडता येत नाही. पावसाळ्यात, थंडीत, वातानुकूलित सभागृहात ती बंदच असते. लातूर पॅटर्नच्या शिकवणी वर्गांत एका दालनात शेकडो मुले तासन्‌तास बसतात. निलंग्यापासून तेथवर रोज बसने येणारी मुलेही त्यांत असतात. साउथॉलचा धडा त्यांना तंतोतंत लागू आहे: नुसत्या वर्गात दिवा लावून भागणार नाही, बसची खिडकीही उघडावी लागेल. क्षयाचा वॉर्ड, बाह्यरुग्ण विभागाची रांग, शिकवणीचे दालन, एस.टी.; हवा या सगळ्यांतून एकच फिरते.

२८/ या इतिहासात खलपुरुष नाही. चेपिन यांना स्वच्छ हात हवे होते, मद्रासच्या डॉक्टरांना गरिबांसाठी गोळी हवी होती, किल्लारीनंतरच्या अभियंत्यांना न पडणारी भिंत हवी होती. प्रत्येकाचे बरोबर होते, आणि प्रत्येक वेळी हवेचा प्रश्न एक पाऊल मागे सरकला. एप्रिल २०२० मध्ये निलंग्यातील त्या बारा जणांच्या मुक्कामाविषयी विचारायचे प्रश्न साधे होते: खोली किती मोठी होती, खिडक्या किती, त्या उघड्या होत्या का? हे प्रश्न कसे विचारायचे ते १९३४ पासून ठाऊक होते. पुढच्या साथीत ते पहिल्याच दिवशी विचारले जावेत, एवढ्यासाठी तरी वेल्स दांपत्याचे नाव आणि त्यांचा दिवा लक्षात असायला हवा.